मध्यरात्री फोन वाजलाच, तर तो कामाचा असावा: सर्व्हरवर लक्ष ठेवणारी यंत्रणा कशी बसवावी

पूर्वीच्या एका नोकरीत रोज रात्री पावणेतीनला माझा फोन वाजायचा. 'सीपीयू ९० टक्क्यांच्या वर' असा मेसेज असायचा. त्या वेळी बॅकअप चालायचा, त्यामुळे सीपीयू वर जाणारच होता आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. महिन्याभरात मी फोन न बघताच कूस बदलून झोपायला लागलो. मग एका रात्री त्याच मेसेजांच्या गर्दीत 'डाटाबेस सर्व्हरची डिस्क भरली' हाही मेसेज येऊन गेला. सकाळी ऑफिसात पोचलो तेव्हा ग्राहकांच्या पावत्या सहा तास निघालेल्या नव्हत्या.

तेव्हापासून कुठलाही अलर्ट लावण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा मेसेज आल्यावर माणसाने उठून नेमकं काय करायचं? उत्तर नसेल, तर तो अलर्ट लावायचा नाही.

साधन कोणतं घ्यावं

पाच-सात लिनक्स सर्व्हर सांभाळत असाल तर मी प्रोमिथिअस सुचवेन. नागिऑस आणि झॅबिक्स ही जुनी, मुरलेली साधनं आहेत. ती आधीच नीट चालू असतील तर नुसत्या हौसेपायी बदलू नका. प्रोमिथिअसची सुरुवात २०१२ साली साउंडक्लाउड या कंपनीत झाली. आज ते मुक्तस्रोत आहे आणि फुकट मिळतं.

त्याची पद्धत वीजमीटरच्या रीडिंगसारखी आहे. मीटर घरोघरी, रीडिंग घेणारा एक. प्रत्येक सर्व्हरवर नोड एक्स्पोर्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांचे आकडे मांडून बसतो. प्रोमिथिअस ठरावीक वेळाने येतो, आकडे वाचतो आणि वेळेसकट नोंदवून ठेवतो. रीडिंग घ्यायला गेल्यावर दार उघडलंच नाही, तर त्याचीही नोंद होते: 'अप' नावाचा आकडा १ चा ० होतो.

पायरी १: प्रत्येक सर्व्हरवर मीटर

नोड एक्स्पोर्टर उतरवून घ्या, त्याच्यासाठी वेगळा, कमी अधिकारांचा युजर तयार करा आणि तो सिस्टीमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू-बंद करणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणून चालवा, म्हणजे सर्व्हर रीबूट झाला तरी आपोआप सुरू होईल. तो ९१०० या पोर्टवर (म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकतो. मुळात त्याला पासवर्ड नसतो, म्हणून फायरवॉलमध्ये हे पोर्ट फक्त प्रोमिथिअसच्या मशीनसाठी उघडा. हे काम 'नंतर करू' म्हणून ठेवू नका.

पायरी २: रीडिंग घेणारा

प्रोमिथिअस वेगळ्या मशीनवर बसवा. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच पोटात पहारेकरी बसवला, तर दोघं एकदमच पडतील. कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरचे पत्ते द्या आणि १५ सेकंदांनी एकदा रीडिंग घ्यायला आणि तितक्याच वेळाने नियम तपासायला सांगा. ही फाइल यॅमल नावाच्या मांडणीत लिहिलेली असते. त्यात सुरुवातीची जागा सोडायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. पहिल्या दिवशी बहुतेकांचा अर्धा तास इथेच जातो. सोबत मिळणाऱ्या प्रॉमटूलने फाइल तपासून मगच प्रोमिथिअस सुरू करा. ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर त्याचं पान उघडेल.

आकडे मुळात १५ दिवसच ठेवले जातात. डिस्कवर जागा असेल तर मुदत ९० दिवस करा. मागच्या महिनाअखेरीशी या महिनाअखेरीची तुलना करायची वेळ येतेच.

पायरी ३: कशावर अलर्ट लावायचा

खरं काम इथे आहे, घाई करू नका.

डिस्कपासून सुरुवात करा. '९० टक्के भरली' हा नियम सगळे लावतात, पण तो अपुरा आहे. चार टीबीची डिस्क ९० टक्के भरली तरी ४०० जीबी शिल्लक असतात आणि कदाचित वर्षभर पुरतात. उलट २० जीबीची डिस्क ७० टक्क्यांवर असताना एखादा लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) बेफाम वाढू लागला, तर ती तासाभरात संपते. म्हणून विचारायचं ते हे, की याच वेगाने भरत राहिली तर डिस्क कधी संपेल? प्रोमिथिअसमध्ये त्यासाठी 'प्रेडिक्ट लिनिअर' हे फंक्शन आहे. मागच्या सहा तासांचा कल घेऊन पुढच्या २४ तासांत जागा शून्यावर येणार असेल तर सांग, असा नियम लिहा. त्याला जोडून जागा ३० टक्क्यांहून कमी असल्याची अटही घाला. नाहीतर मोठी फाइल कॉपी करतानाही ओरड होईल.

नोड एक्स्पोर्टर डिस्कचे 'फ्री' आणि 'अव्हेलेबल' असे दोन आकडे देतो. नियमात 'अव्हेलेबल' घ्या. ईएक्सटी४ ही डिस्कवर फाइली मांडण्याची लिनक्सची पद्धत मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी (सर्वाधिकार असलेल्या युजरसाठी) राखून ठेवते, त्यामुळे 'फ्री'मध्ये जागा दिसत असतानाच डाटाबेसला मात्र जागा नसल्याची एरर येते. मेमरीचंही तसंच: लिनक्स रिकामी मेमरी कॅशसाठी, म्हणजे नुकतं वाचलेलं हाताशी ठेवण्यासाठी, वापरतो, म्हणून 'फ्री' नेहमीच कमी दिसते. तिथेही 'अव्हेलेबल'च बघायची.

अलर्टच्या मजकुरातच पुढे काय करायचं ते लिहा, तेही मराठीत. 'डिस्क आज रात्री भरेल. आधी लॉगचा फोल्डर बघा. मोठा लॉग नुसता डिलीट करू नका, ज्या प्रोग्रॅमने तो उघडलाय तो रीस्टार्ट होईपर्यंत जागा सुटत नाही.' झोपेतून उठलेल्या माणसाला ही तीन वाक्यं फार मोलाची असतात.

बाकीचे नियम थोडक्यात: सर्व्हर उत्तर देत नाही, वेबसाइट बाहेरून उघडत नाही, वेबसाइटचं एसएसएल सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीचा दाखला) १४ दिवसांत संपतंय. शेवटच्या दोन्हींसाठी ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर हा बाहेरून तपासणारा प्रोग्रॅम लागतो. नुसता सीपीयू वर गेला म्हणून अलर्ट लावू नका.

प्रत्येक नियमाला 'इतका वेळ टिकलं तरच' अशी मुदत असते. सर्व्हर डाऊनसाठी दोन मिनिटं पुरतात. तोपर्यंत अलर्ट 'पेंडिंग' राहतो आणि क्षणभराची अडचण असेल तर आपोआप विरून जातो.

पायरी ४: निरोप कोणाला, कसा

प्रोमिथिअस फक्त ठरवतो. निरोप पोचवण्याचं काम अलर्टमॅनेजर करतो, ९०९३ पोर्टवर. नेटवर्कचा स्विच (अनेक सर्व्हर नेटवर्कला जोडणारं उपकरण) गेला आणि त्यामागचे दहा सर्व्हर दिसेनासे झाले, तर तो दहा मेसेजांचा एक गठ्ठा करतो. स्विचचा अलर्ट चालू असताना त्यामागच्या सर्व्हरचे अलर्ट दाबून ठेवण्याची सोयही त्यात आहे. ठरलेल्या देखभालीच्या वेळी 'सायलेन्स' लावता येतो, म्हणजे तेवढा वेळ निरोप जात नाहीत. तो नेहमी मुदत घालून आणि कारण लिहून लावा.

अलर्टचे दोनच वर्ग करा: 'आत्ता उठा' आणि 'सकाळी बघा'. पहिला फोनवर, दुसरा ईमेलवर. तिसरा वर्ग केलात तर तो कोणी वाचत नाही.

पायरी ५: मुद्दाम पाडून बघा

एका सर्व्हरवरचा नोड एक्स्पोर्टर बंद करा आणि घड्याळ लावा. रीडिंगचे १५ सेकंद, नियम तपासण्याचे १५, मुदतीची दोन मिनिटं, गठ्ठा बांधण्याआधी अलर्टमॅनेजर थांबतो ते ३० सेकंद. म्हणजे तीन मिनिटांच्या आसपास फोन वाजला पाहिजे. दहा मिनिटं झाली तरी शांतता असेल, तर चूक बहुधा निरोप पाठवणाऱ्या खात्याच्या पासवर्डात किंवा बाहेर जाणाऱ्या फायरवॉलमध्ये असते.

पायरी ६: पहारेकऱ्यावर पहारा

आता खुद्द प्रोमिथिअस बंद करून बघा. काहीच येणार नाही, आणि सगळं सुरळीत असतानाही काहीच येत नाही. हा फरक ओळखण्यासाठी कायम चालू राहणारा एक अलर्ट मुद्दाम ठेवतात, त्याला 'वॉचडॉग' म्हणतात. तो दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी जागा आहे' असं कळवतो. हाक यायची थांबली की ती सेवा तुम्हाला फोन करते. ही सेवा तुमच्या ऑफिसच्या इंटरनेटवर किंवा विजेवर अवलंबून नसावी, एवढं बघा.

हे सगळं झालं की दर सोमवारी चहाच्या वेळी आठवड्याभराचे अलर्ट काढून बसा. ज्याच्यावर कोणी काही केलं नाही, तो नियम एकतर सुधारा, नाहीतर काढून टाका.