तुराट्या पेटवून देऊ नका, कोळसा करा, पण तो कुठं टाकायचा ते आधी बघा

तुरी निघाल्या, बांधावर तुराट्यांचे ढीग पडलेत आणि रोज संध्याकाळी कुठं ना कुठं धूर दिसतोच. मंडळी, तो धूर थांबवा. तुराट्या, डाळिंबाच्या छाटणीची काडी, वेडी बाभूळ, सगळ्याचा चांगला बायोचार, म्हणजे शेतीकामाचा कोळसा, होतो. ज्वारीच्या कडब्याला मात्र हात लावू नका, तो जनावरांचा.

तीनेक फूट खोल, वर पाचेक फूट रुंद आणि खाली निमुळता खड्डा घ्या. वाळलेली काडी पातळ थरात टाकून पेटवा, काडीवर पांढरी राख धरायला लागली की लगेच दुसरा थर, असं करत वरपर्यंत या आणि मग भरपूर पाणी ओतून विझवा, अर्धवट विझवलं तर सकाळी निव्वळ राख मिळते. चांगला कोळसा बोटांनी चुरला की कुरकुर मोडतो आणि हात नुसत्या पाण्यानं स्वच्छ होतो, तेलकट राहिला तर नीट जळलेला नाही. चुरताना ओला ठेवा, तोंडाला रुमाल बांधा.

आता खरं काम. डाळिंबावर आपण किती फवारण्या घेतो ते सगळ्यांना माहितीय, आणि ब्लोअर, पंप धुतो कुठं? विहिरीच्या कडेला नाहीतर शेततळ्याजवळ. ते बंद करा. विहिरीपासून लांब खड्डा घेऊन तळाला शेततळ्याचा जुना प्लास्टिक कागद टाका, त्यावर दोन भाग भुसकट, एक भाग माती, एक भाग कंपोस्ट आणि त्यात थोडा चुरलेला कोळसा असं मिश्रण भरा, धुवणाचं पाणी त्यातच सोडा, वर पत्रा टाका म्हणजे पावसाचं पाणी जाणार नाही. कोळशाला बारीक बारीक छिद्रं असतात, औषधाचे कण त्याला चिकटून राहतात आणि कंपोस्टमधले जिवाणू ते हळूहळू मोडतात. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी भुसकट-मातीचे असे खड्डे वापरतात. हे मिश्रण पुढं उपसलं तर लगेच बागेत नको, आधी त्यात मूग पेरून बघा, नीट उगवला नाही तर तणनाशकाचा अंश अजून शिल्लक आहे असं समजा.

उजनी धरणाच्या हिरव्या पाण्याचं विचाराल तर वाळू-कोळशाच्या फिल्टरनं वास, रंग कमी होतो, पण जंतू मरत नाहीत, म्हणून ते प्यायला नाही. आणि बोअरचे क्षार कोळशानं अजिबात जात नाहीत, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, आहे तेवढाच राहतो, कोणी विकायला आलं तर हे लक्षात ठेवा. ड्रीपला जोडणार असाल तर पुढं डिस्क फिल्टर पाहिजेच, नाहीतर कोळशाची भुकटी ड्रीपर बंद करते.

शेतात टाकायचा असेल तर जपून. आपली जमीन बरीचशी चुनखडीची, सामू (पीएच) आधीच ८ च्या आसपास, आणि ताजा कोळसाही अल्कधर्मी. जास्त टाकला की लोह, जस्त अडकतं आणि पानं पिवळी पडतात. म्हणून आधी माती परीक्षण, मग कोळसा शेणखतात किंवा जीवामृतात दोन-तीन आठवडे मुरवून झाडाला किलोभरच, तेही दोन-चार झाडांना टाकून बघा. उसाला ॲट्राझिन, मेट्रिब्युझिन मारणार असाल तर त्या तुकड्यात कोळसा टाकूच नका, तो तणनाशक धरून ठेवतो आणि तण तसंच राहतं.