नेपाळची मिशन ट्रिप काढताय? या चुका टाळा

बायबल कॉलेजच्या गटाची पहिली परदेशी मिशन ट्रिप म्हटली की नाशिकमधून बऱ्याचदा नेपाळचंच नाव पुढे येतं. व्हिसा लागत नाही, नाशिकरोडहून गोरखपूरला थेट गाडी आहे, लिपी ओळखीची आहे आणि खर्च आवाक्यात बसतो. नेमकं म्हणूनच तयारीकडे दुर्लक्ष होतं. पहिल्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नेपाळ काय, आपलंच आहे.’ ते आपलं नाही. त्या देशाचं संविधान वेगळं, फौजदारी कायदा वेगळा, कॅलेंडर वेगळं, आठवड्याची सुट्टीसुद्धा वेगळी. आपण आठ-दहा दिवसांत घरी येतो आणि आपल्या चुकीचा भुर्दंड तिथली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, भरत राहते. खाली लिहिलेलं सगळं याच कारणासाठी आहे.

कायदा न वाचता निघणं, आणि हातात मोबाईल

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून सविस्तर लिहितो. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ धर्मस्वातंत्र्य देतं, पण त्याच कलमाचं तिसरं उपकलम दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ मध्ये त्याची शिक्षा आहे: धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड. दोषी परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत त्याला देशाबाहेर काढायचं, असंही त्यात आहे. व्हिसा लागत नसला तरी या कलमापुरते आपण परदेशीच.

म्हणजे नाशिकच्या गोदाघाटावर किंवा सीबीएस बसस्थानकावर कुणी पत्रिका वाटत असेल, तशी नेपाळमधल्या बुटवलच्या बसपार्कवर वाटायची नाही. अनोळखी घरात जाऊन ‘प्रार्थना करू का’ विचारायचं नाही. उपासनेच्या वेळी ब्लँकेट, तांदूळ, वह्या वाटायच्या नाहीत, कारण ‘आमिष दाखवलं’ ही तक्रार तिथूनच सुरू होते. द्यायचंच असेल तर आधी तिथल्या पाळकांना (पाद्रींना) विचारा, त्यांच्या हाती सोपवा आणि बाजूला व्हा. बॅनर तर मुळीच नको.

बहुतेक पुढारी एवढं सांगतात. मोबाईलचं सांगायचं मात्र राहून जातं, आणि असे प्रसंग दर मोसमात कुठल्या ना कुठल्या गटाबद्दल कानावर येतात. दुसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा हॉल, शनिवारची उपासना, जमिनीवर चटया, एकीकडे बाया, दुसरीकडे पुरुष, चाळीसेक माणसं. मागच्या ओळीत एक सून पहिल्यांदाच आलेली असते. सासरी तिने सांगितलेलं नसतं. प्रार्थनेत ती रडते, हात वर करते. आपला एक विद्यार्थी मनापासून भारावतो, तीस सेकंदांचा व्हिडिओ काढतो आणि स्टेटसला टाकतो. खाली गावाचं नाव, आणि वर ‘आज इतके आत्मे प्रभूकडे आले’. त्याच्या डोळ्यांसमोर नाशिकची प्रार्थना करणारी माणसं असतात. पण स्टेटस पाहणाऱ्यांत दोन दिवसांपूर्वी नंबर घेतलेला त्याच वस्तीतला पोरगाही असतो. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावातल्या फेसबुक ग्रुपवर जातो. गट गोरखपूरला गाडीत बसतो तेव्हा घरमालक हॉल रिकामा करायला सांगत असतो आणि पाळक चौकीत जबाब देत असतात. त्या सुनेला पुन्हा कुणी येऊ देत नाही. आकडा खरा होता की खोटा, हे तिथं कुणी विचारत नाही. तुमच्याच हातची ती ओळ पुरावा म्हणून पुढे ठेवली जाते.

यावर माझे नियम कडक आहेत आणि ते सैल करायला मी कधीच सांगणार नाही. फोटो फक्त एकाच फोनवर निघतात आणि तो फोन पुढाऱ्याकडे असतो. उपासना, प्रार्थना, बाप्तिस्मा यांचा फोटोच नाही. लहान मुलांचे चेहरे नाहीत. ट्रिप चालू असताना स्टेटस, रील, लाईव्ह लोकेशन सगळं बंद. घरच्यांना ‘सुखरूप आहे’ एवढाच निरोप. परत आल्यावर पाळकांनी एकेक फोटो पाहून होकार दिला, तरच तो अहवालात जातो. अहवालातही गावाचं नाव नाही, पाळकांचं नाव नाही, माणसांची मोजणी नाही. हे सगळं कागदावर लिहून कॉलेजमध्येच प्रत्येकाची सही घ्या, तीही तिकीट काढण्याआधी. ज्याला हे जाचक वाटतं त्याने पुढच्या वर्षी यावं. ‘देणगीदारांना काहीतरी दाखवायला हवं’ हे कारण मला पटत नाही. ज्याला व्हिडिओ पाहिल्याशिवाय देता येत नाही, त्याच्या देणगीवाचून ट्रिप निघू शकते.

‘आधार आहे ना?’

दुसरी नेहमीची चूक ओळखपत्राची. नेपाळसाठी भारतीयांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवायचं असतं. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या माणसांना आधार, पॅन, लायसन्स अशी इतर फोटो ओळखपत्रं चालतात. बायबल कॉलेजचा विद्यार्थी या दोन्हींत बसत नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे पासपोर्ट नसतो आणि मतदार कार्डासाठी त्याने अर्जच केलेला नसतो. त्याच्याकडे असतं फक्त आधार.

गंमत अशी की सोनौलीच्या सीमेवर बऱ्याचदा काहीच होत नाही. गर्दीतून चालत कमानीपलीकडे गेलं की नेपाळमधलं बेलहिया, पुढे रिक्षाने भैरहवा. कुणी थांबवलं नाही म्हणजे आधार चालतं, असा गटाचा समज होतो. मग वेळ वाचवायला परतीची तिकिटं विमानाची काढली जातात आणि सगळं अडतं काठमांडूच्या विमानतळावर. चेक-इनच्या काउंटरवर दहा जणांना बोर्डिंग पास मिळतो, दोघं बाजूला उभे राहतात. तिकीट बुडतं. पुढारी इतरांबरोबर जाणार की त्या दोघांबरोबर थांबणार, हा निर्णय त्याला रांगेत उभ्या उभ्या घ्यावा लागतो. मागे राहिलेल्यांना पुन्हा बस, पुन्हा सीमा, पुन्हा गोरखपूर, आणि गाडीत आरक्षण नाही.

उपाय साधा आहे. ट्रिप जाहीर व्हायच्या आधी, किमान चार महिने, यादीतल्या प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र डोळ्यांनी पाहा, फोटोवर विश्वास ठेवू नका. नसेल त्याला लगेच पासपोर्टसाठी नाशिकच्या सेवा केंद्राची वेळ घ्यायला लावा. पोलीस पडताळणी पत्त्यावर अडकते, म्हणून हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी कुठला पत्ता द्यायचा हे आधी ठरवा. मतदार नोंदणीचा फॉर्म ६ त्याच आठवड्यात भरून टाका. तिकिटावरचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. मधलं वडिलांचं नाव, लग्नानंतरचं आडनाव, मंडळीत हाक मारतात ते नाव, हे तीन घोळ ख्रिस्ती घरांत फार होतात. बाप्तिस्म्याचा दाखला इथं उपयोगाचा नाही. गटात एखादा परदेशी विद्यार्थी असेल तर त्याच्या भारतीय व्हिसावर पुन्हा प्रवेश आहे का, हे आधी तपासा.

तारखा आणि वार

नेपाळमध्ये रोजचा व्यवहार विक्रम संवतावर चालतो. यजमान फोनवर ‘मंसिर १० गते’, म्हणजे मंसिर महिन्याची १० तारीख, सांगतात. आपला विद्यार्थी ते मार्गशीर्ष समजून कालनिर्णय उघडतो आणि चुकीच्या दिवसाचं तिकीट काढतो. त्यांचे महिने सौर आहेत. मंसिर साधारण नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि आपल्या तिथीशी जुळत नाही. प्रत्येक तारीख इंग्रजी महिन्यात, वारासकट, मेसेजमध्ये लिहून घ्या आणि त्यांच्याकडून उलटून ‘हो’ मिळवा.

वार म्हटला की उपासना. तिथल्या बहुतेक मंडळ्या शनिवारी उपासनेला जमतात, कारण सुट्टी शनिवारची असते. रविवारचा संदेश तयार करून रविवारी सकाळी पोहोचणारा गट आठवड्यातली मुख्य उपासनाच चुकवतो. घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे.

दिवाळीच्या सुट्टीत ट्रिप काढायचा मोह आवरा. त्याच सुमारास दसैं (तिथला दसरा) आणि तिहार (तिथली दिवाळी) येतात. दसैंला अख्खा देश गावी निघतो, बसमध्ये उभं राहायला जागा नसते आणि यजमानांच्या घरी पाहुणे असतात. तिहार संपल्यावरचा नोव्हेंबर, नाहीतर फेब्रुवारी-मार्च घ्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशातल्या धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, तेव्हा गोरखपूरला एक मोकळा दिवस ठेवल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. गट मोठा असेल तर त्या दिवशी सकाळी माणूस तयार हवा.

रात्रीची बस, पावसाळ्यातला रस्ता

‘रात्री बसलो की सकाळी काठमांडू, लॉजचा खर्च वाचला.’ हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. भैरहवा ते काठमांडू अंतर नकाशावर पावणेतीनशे किलोमीटरच्या आत दिसतं, पण नारायणगढ–मुग्लिन हा टप्पा डोंगर आणि त्रिशूली नदीच्या मधून जातो. जुलै २०२४ मध्ये याच टप्प्यावर सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस प्रवाशांसह नदीत गेल्या, आणि ती पहाटेच्या अंधारातली वेळ होती. पुढच्याच महिन्यात पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली भाविकांची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदीत कोसळली आणि २७ जण गेले. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले होते. ते दुःख उत्तर महाराष्ट्राने पाहिलं आहे.

जून ते सप्टेंबर डोंगराळ भागात गट नेऊ नका. इतर वेळीही प्रवास दिवसाउजेडी करा. सकाळी सहाला निघा, मुग्लिनच्या आसपास जेवा, उशीर झाला तर वाटेत मुक्काम करा. त्या एका मुक्कामाचे पैसे सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरा, म्हणजे ऐन वेळी पुढाऱ्याचा हात आखडत नाही. नाशिकहून स्वतःची टेम्पो ट्रॅव्हलर न्यायची कल्पनाही सोडा. भन्सारचे (नेपाळी सीमाशुल्काचे) कागद, रोजचं शुल्क आणि डोंगरी रस्त्याची सवय नसलेला ड्रायव्हर, या तिन्हींत दिवस जातो.

भाषेचं गृहीतक

सीमेलगतच्या सपाट तराईत हिंदी चालते. डोंगरातल्या गावात म्हातारी माणसं ती समजत नाहीत आणि तरुण समजूनही बोलायला कचरतात. दुभाष्या असला की २० मिनिटांचा संदेश ४० मिनिटांचा होतो. म्हणून १२ मिनिटांचाच लिहा, आदल्या रात्री दुभाष्याला वाचून दाखवा आणि शास्त्रभाग नेपाळी बायबलमधून त्यांच्याच माणसाला वाचू द्या. तीन नेपाळी भजनं चाल न चुकता पाठ करून जा. भेटल्यावर ‘जयमसीह’ म्हणा. दोन महिने आठवड्याला तीन तास नेपाळी शिकायला कंटाळणारा विद्यार्थी ट्रिपला घाई करतो, तेव्हा मला नाशिकचं शरणपूर आठवतं. चर्च मिशनरी सोसायटीच्या त्या वसाहतीत, आपल्याच गावात, गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं सुतारकाम-लोहारकाम शिकत वाढली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये वारलेला मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता. त्या कामामागे वर्षांची घडण होती.

थोडक्यात उरलेल्या

शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळमध्ये बरीच वर्षं बंधनं होती आणि नियम बदलत असतात. निघायच्या आठवड्यात ताजा नियम पाहा आणि खर्चाला शंभराच्याच नोटा न्या.

भाव ठरवताना ‘भारु की नेरु’, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे विचारा. भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०.

डॉक्टर सोबत आहेत म्हणून आरोग्य शिबिर लावू नका. परदेशी डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते.

प्रवास विमा परदेशाचा आणि निघण्याआधी. देशातली मेडिक्लेम पॉलिसी तिथं सहसा कामाला येत नाही.

यजमानांच्या घरी तेरा जणांचा गट उतरवू नका. आठ पुरे. जेवणाचे पैसे पहिल्याच दिवशी पाळकांच्या पत्नीच्या हाती द्या, शेवटच्या दिवशी पाकिटात नाही.

तिथल्या तरुणांना ‘नाशिकला या, कॉलेजात घेतो’ असं शब्दाने बांधून ठेवू नका.

पैशाचा हिशोब

ट्रस्टच्या खात्यातून ट्रिपचा खर्च करणाऱ्यांनी सीएला आधी विचारा. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय करसवलतीसाठी धरला जात नाही. परदेशातल्या कुणी मंडळीने ‘आम्ही निम्मे देतो’ म्हटलं, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसलेल्या संस्थेने ते घ्यायचे नाहीत, आणि ‘विद्यार्थ्याच्या खात्यावर पाठवा’ ही पळवाट तर मुळीच नको. विद्यार्थ्यांनी स्वतः भरलेले पैसे वेगळ्या वहीत, पावतीसह ठेवा. परत आल्यावर १५ दिवसांत हिशोब नोटीस बोर्डावर लावा, उरलेली रक्कम ज्याची त्याला परत द्या, आणि त्याच आठवड्यात तिथल्या पाळकांना फोन करून आपल्या मागे कुणाला काही त्रास झाला का, ते विचारा.