पंप-मोटरचं अलाइनमेंट डायल गेजने कसं करायचं

अलाइनमेंट म्हणजे पंप आणि मोटर यांचे शाफ्ट (फिरणारे दांडे) एका रेषेत आणणं. आधी मोटरची सप्लाय बंद करून लॉक लावा, त्याशिवाय कपलिंगला (दोन्ही शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) हातही लावू नका.

मग सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय बेसवर नीट न टेकणं, बघायचा, हे लोक नेहमी टाळतात आणि मग दिवसभर रीडिंग जुळतच नाही! मोटरच्या पायावर डायल लावून एकेक बोल्ट सैल करायचा, पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर तिथे तेवढा शिम (पातळ पत्रा) घालायचा.

आता डायल धरणारा ब्रॅकेट पंपाच्या कपलिंगवर, डायलचं टोक मोटरच्या कपलिंगच्या घेरावर, वर झिरो करून दोन्ही शाफ्ट एकत्र अर्धा फेरा फिरवा, खाली प्लस ०.४० आलं तर मोटर ०.२० खाली आहे, कारण डायल दुप्पट दाखवतो, म्हणून शिम ०.२० चाच. शाफ्ट एकमेकांशी तिरके आहेत का, म्हणजे अँगल, बघायला कपलिंगच्या तोंडावरही रीडिंग घ्या. आधी उभी दिशा, मग आडवी, आणि हलवायची ती मोटरच, पंपाला पाइप जोडलेले असतात.

गरम पाण्याचा पंप असेल तर तो चालताना तापून वर उचलला जातो, स्टील एका मीटरला दर डिग्रीमागे साधारण ०.०१२ मिमी वाढतं, म्हणजे सेंटर हाइट (पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची) ३०० मिमी आणि ४० डिग्री वाढ धरली तर ०.१४ मिमी, तेवढी मोटर थंड असताना वर ठेवा. बोल्ट टाइट केल्यावर रीडिंग परत घ्याच.