वाय-फाय जोडलंय, पण नेट नाही? राउटर बंद करण्याआधी आयपीचा आकडा वाचा

सिग्नलच्या रेघा पूर्ण, पासवर्ड बरोबर, तरी पान उघडत नाही. अशा वेळी हात सरळ राउटरच्या बटणाकडे जातो. ही पहिली चूक. बंद-चालू केल्यावर तात्पुरतं सुरू होतं, पण बिघाड कुठे होता याचा माग पुसला जातो आणि दोन दिवसांनी तेच रडगाणं.

त्याआधी अडलेल्या लॅपटॉपवर नेटवर्कच्या तपशिलात जाऊन आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्या यंत्राचा पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपी सर्व्हरकडून (यंत्रांना अ‍ॅड्रेस वाटणारा, घरी सहसा राउटरमध्येच असतो) उत्तरच आलेलं नाही; लॅपटॉपने वाट पाहून स्वतःच एक आकडा घेतलाय. राउटरमधलं डीएचसीपी बंद आहे किंवा वाटायचे अ‍ॅड्रेस संपलेत, एवढ्या दोन शक्यता आधी तपासा. आकडा भलत्याच मालिकेतला असेल, म्हणजे राउटर १९२.१६८.१ चा आणि लॅपटॉपवर १९२.१६८.०, तर नेटवर्कवर दुसरा कोणीतरी अ‍ॅड्रेस वाटतोय.

हा दुसरा बहुतेक वेळा आपणच आणून बसवलेला असतो. लांबच्या खोलीत रेंज यावी म्हणून जुना राउटर काढला, त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायची जागा) केबल खोचली आणि त्याचं डीएचसीपी तसंच चालू ठेवलं. नव्याने जोडलेलं यंत्र ‘कोणी अ‍ॅड्रेस देतं का’ असं सगळ्यांना विचारतं आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतं. जुन्या राउटरने बाजी मारली की गेटवे, म्हणजे इंटरनेटकडे जाण्याचं दार, म्हणून तो स्वतःचाच पत्ता देतो, आणि त्याच्याकडे तर इंटरनेटच नाही! म्हणून एकाच टेबलावर एक फोन चालतो, दुसरा नाही. केबल जोडण्याआधीच जुन्या राउटरमध्ये शिरून त्याचा लॅन अ‍ॅड्रेस १९२.१६८.१.२ असा मोकळा द्या, डीएचसीपी बंद करा, मग लॅन पोर्ट ते लॅन पोर्ट जोडा. क्रम उलटा केलात आणि दोघांचा मूळ पत्ता एकच असेल, तर दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ वर बसून भांडतात आणि सेटिंगचं पानही धड उघडत नाही.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. पूल, म्हणजे राउटरने वाटायच्या अ‍ॅड्रेसचा साठा, १०० ते १९९ चा (पत्त्याचा शेवटचा आकडा) आणि प्रिंटरला हाताने १०५ दिलेला. काही राउटर अ‍ॅड्रेस देण्याआधी पिंग करून (त्या पत्त्यावर कोणी आहे का अशी हाक देऊन) बघतात खरे, पण बंद ठेवलेला प्रिंटर उत्तर कुठून देणार? १०५ कुणाच्या तरी फोनला जातो आणि सकाळी प्रिंटर ‘ऑफलाइन’. हाताने द्यायचाच तर पुलाबाहेरचा द्या. मला विचाराल तर राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवर (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) रिझर्व्हेशन करणं, म्हणजे त्या यंत्रासाठी एक आयपी राखून ठेवणं, बरं. फोनसाठी करताना मात्र खोक्यावरचा मॅक वापरू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला बनावट मॅक दाखवतात. त्या नेटवर्कच्या तपशिलात दिसतो तोच घ्या, नाहीतर त्या नेटवर्कपुरता रँडम मॅक बंद करा.

पाहुण्यांची वर्दळ असेल तिथे लीज टाइम, म्हणजे एकदा दिलेला अ‍ॅड्रेस किती वेळ त्या यंत्राकडे राहतो ती मुदत, बघा. पूल ५० चा आणि लीज २४ तासांची असेल, तर सकाळी येऊन गेलेल्यांचे अ‍ॅड्रेस दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अडकून राहतात. लीज दोन तासांवर आणा किंवा पूल वाढवा. लीजचं नूतनीकरण साधारण अर्धी मुदत संपल्यावर होतं, म्हणून राउटरमध्ये डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारा सर्व्हर) बदलला तरी २४ तासांच्या लीजवर फोनला ते कळायला १२ तास लागू शकतात. वाय-फाय बंद करून पुन्हा जोडा, लगेच कळेल.

आणि बाकी सगळं चालतंय, एकच लॅपटॉप अडलाय? मग राउटरला हात लावू नका. मी एकदा अख्खी दुपार राउटरची पानं चाळली होती. लॅपटॉपची आयपी सेटिंग ‘मॅन्युअल’वर होती, आदल्या आठवड्यात दुसऱ्या नेटवर्कवर काहीतरी तपासायला मीच ती तशी केली होती.