प्रिंट की स्टिकर? लेगोवर पैसे घालताना या चुका टाळा

लेगोचा (प्लास्टिकच्या विटा जोडून मॉडेल बांधायचा खेळ) नवा सेट जाहीर झाला की मोठ्या वयाच्या लेगोवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टिकर किती आहेत, म्हणजे किती चित्रं-अक्षरं पार्टवर (सेटच्या तुकड्यावर) छापून न येता आपण चिकटवायची आहेत. डिझाईन, रंग, मिनीफिगर (लेगोची छोटी माणसं) वगैरे सगळं नंतर. मग एकजण म्हणतो एवढे पैसे घेतात आणि वर स्टिकर चिकटवायला लावतात, दुसरा म्हणतो मला तर काही फरक पडत नाही, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण एकाला सेट मोडून त्यातून दुसरं काहीतरी बनवायचंय आणि दुसऱ्याला तो एकदाच बांधून काचेच्या कपाटात ठेवायचाय. माझ्या मते आधी हे ठरवा, मोडणार की ठेवणार. ते न ठरवता पैसे घातले की खालच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

स्टिकर दिसला की "कंजूस कंपनी" म्हणून मोकळं होणं

कंजूसपणा अजिबात नसतो असं मी म्हणत नाहीये, त्यावर येतोच. पण प्रिंट कसा होतो ते आधी बघा. धातूच्या प्लेटवर डिझाईन कोरलेलं असतं, त्या खाचेत शाई भरतात, सिलिकॉनचा मऊ पॅड ती शाई उचलतो आणि पार्टवर दाबतो. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. पण मोठा खर्च शाईचा नाहीच, प्रिंट केलेला प्रत्येक पार्ट हा कंपनीच्या हिशोबात वेगळा पार्ट होतो, म्हणजे त्याचा वेगळा नंबर, गोदामात वेगळी पेटी, पॅकिंगच्या लाईनवर वेगळी जागा. याउलट वीस डिझाईनची स्टिकर शीट असली तरी ती एकच वस्तू. डिझायनरला प्रत्येक सेटमागे नवीन पार्टचा ठराविक कोटा मिळतो, तो त्याने नव्या आकारांवर घालवायचा की प्रिंटवर, हे त्याला निवडावं लागतं. म्हणून पेपर, घड्याळ, स्पीडोमीटर, कॉम्प्युटरचा कीबोर्ड असल्या कुठेही चालणाऱ्या टाइल्स (वरून गुळगुळीत, चपटे तुकडे) प्रिंटेड मिळतात आणि एकाच रेसिंग कारच्या दारावरचा लोगो स्टिकर होऊन येतो, कारण तो दार सोडून दुसरीकडे कुठे वापरणार. स्पीड चॅम्पियन्स या लेगोच्या कार-मालिकेतल्या गाड्यांवर स्टिकरचा एवढा मारा असतो त्याचं कारण हेच.

गंमत म्हणजे १९७८ मध्ये पहिल्या मिनीफिगर आल्या तेव्हा त्यातल्या काहींच्या अंगावरसुद्धा स्टिकरच होते. "पूर्वी सगळं प्रिंट होतं" म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा एकदा.

प्रिंट म्हणजे कायम चांगलंच असं धरणं

लाल पार्टवर पांढरा प्रिंट बऱ्याचदा गुलाबीसर दिसतो, काळ्यावर पिवळा मळका दिसतो, कारण शाईचा थर पातळ असतो आणि खालचा रंग वर येतो. कधी प्रिंट एका बाजूला सरकलेला असतो, आणि स्टिकर तुम्ही नीट लावू शकता पण सरकलेला प्रिंट घरी बसून सरळ करता येत नाही. असा पार्ट आला तर गप्प बसू नका, कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसला कळवा, सेट अजून विक्रीत चालू असेल तर खराब पार्ट साधारणपणे बदलून मिळतो, फाटकी किंवा दुमडलेली स्टिकर शीटसुद्धा. सेट बंद झाल्यावर मात्र अवघड होतं, म्हणून डबा आणून दोन वर्षं माळ्यावर ठेवणाऱ्यांनी निदान चालू आहे तोवर उघडून शीट तरी बघून घ्यावी (सील ठेवायचंय त्यांचं वेगळं, त्यांना बांधायचंच नसतं).

स्टिकरचा त्रास वेगळा असतो. स्टिकरची पार्श्वभूमी पार्टच्या रंगाशी जुळवून छापलेली असते आणि गडद निळा, गडद लाल अशा रंगांत ती हमखास थोडी चुकते. लांबून कळत नाही, जवळून डोळ्यात खुपतं. मोडून बांधणाऱ्यासाठी तर स्टिकर लागला की तो पार्ट त्या एका सेटचाच झाला.

राग चुकीच्या ठिकाणी काढणं

रागच काढायचा तर त्याला योग्य जागा आहे. २०१७ चा मोठा मिलेनियम फाल्कन (स्टार वॉर्समधलं यान), सेट नंबर ७५१९२, तुकडे ७५४१, अमेरिकेत आला तेव्हा किंमत जवळपास ८०० डॉलर, आणि मॉडेलसोबत ठेवायच्या त्याच्या माहितीच्या पाटीवर स्टिकर! मोठी गुळगुळीत काळी पाटी, तेवढाच मोठा स्टिकर, जरा तिरका गेला की संपलं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तीच वाचतो. आणि त्याच कंपनीचा आर्किटेक्चर या इमारतींच्या मालिकेतला ताजमहाल, २१०५६, तुकडे २०२२, किंमत त्याच्या बरीच खाली, त्यात नावाची टाइल छान प्रिंट करून येते. म्हणजे जमत नाही असं नाहीये, तिथे जमवलं नव्हतं. लोकांनी वर्षानुवर्षं या पाटीवरून ओरड केली आणि अलीकडच्या काही मोठ्या स्टार वॉर्स सेटमध्ये पाटी प्रिंटेड यायला लागली, तेव्हा ओरडण्याचा उपयोग होतो, फक्त ती नेमक्या गोष्टीवर पाहिजे. छोट्याशा कारच्या हेडलाईटवर स्टिकर का म्हणून तेवढंच ओरडण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो. भारतातली किंमत बघून लोक म्हणतात "एवढे हजार घेतले, निदान प्रिंट तरी द्यायचं". अहो पण खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७० केली, वर २०२१ पासून आयएसआय मार्कची सक्ती. त्यामुळे इथल्या किंमतीतला चांगला मोठा वाटा प्रिंट-स्टिकरशी संबंधितच नाही. तुलना करायची तर एकाच देशातल्या दोन सेटची करा. आणि किंमत भागिले तुकडे हा हिशोबही जपून, कारण बोटाच्या नखाएवढ्या हजार टाइल्स टाकून तो आकडा छान दाखवता येतो.

पोलंडच्या कोबी या विटांच्या सेटच्या कंपनीचं उदाहरण सगळे देतात, ते रणगाडे-विमानं प्रिंटेड पार्टवरच विकतात, स्टिकर नाही हीच त्यांची जाहिरात. चांगलं आहे, पण तो रणगाड्यावरचा नंबर छापलेला तुकडा तुम्ही दुसरीकडे कुठे वापरणार तेही बघा. ठेवणाऱ्याला कोबी बेस्ट, मोडणाऱ्याला तेवढं नाही.

सुटे पार्ट मागवताना नाव अर्धवट वाचणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रिकलिंकवर (लेगोचे सुटे पार्ट विकणाऱ्यांचा ऑनलाईन बाजार, २००० पासून आहे, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतलं) डिझाईन असलेल्या पार्टच्या नंबरमध्ये "पीबी" येतं, आणि लोकांना वाटतं पीबी म्हणजे प्रिंटेड. तसं नाहीये. स्टिकर लावलेल्या पार्टलाही तिथे तसाच नंबर असतो, फक्त नावाच्या शेवटी कंसात स्टिकर असं लिहून पुढे सेट नंबर दिलेला असतो. नाव लांबलचक, मोबाईलवर शेवट कापला जातो, आणि महिनाभराने पार्सलमधून कोणीतरी लावलेला, कडा उचकटलेला स्टिकर हातात येतो. पूर्ण नाव वाचा, जुना माल असेल तर विक्रेत्याकडे फोटो मागा.

दुसरं म्हणजे एका प्रिंटेड टाइलसाठी युरोपातून पार्सल मागवू नका. टाइलची किंमत किरकोळ असते पण पोस्टेज, विक्रेत्याची किमान ऑर्डर, आणि कस्टमने धरलं तर ड्युटी, ही बेरीज करून मग बोला. एकाच दुकानातून मिळतील तेवढे पार्ट जमवून मागवा, किंवा कोणी नातेवाईक तिकडून येणार असेल तर त्यांच्या पत्त्यावर. फक्त स्टिकर शीट हवी असेल तर तीही सुटी मिळते, बंद झालेल्या सेटची शीट मात्र कधी कधी एवढी महाग असते की हसू येतं.

स्टिकर लावताना होणारे घोळ

बोटांनी उचलून थेट लावणं बंद करा. बोटाचं तेल गोंदाला लागतं आणि पहिल्या पावसाळ्यात कोपरा उचकटतो. हात धुवा, पार्ट कोरड्या सुती कपड्याने पुसा, चिमटा घ्या किंवा ब्रिक सेपरेटरच्या (विटा सुट्या करायचं छोटं अवजार) चपट्या टोकावर स्टिकरची एक कड हलकी चिकटवून तिथून खाली उतरवा. सेपरेटर बहुतेक मोठ्या सेटमध्ये फुकट येतो, त्याचा हा उपयोग बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

पहिल्यांदा फक्त टेकवायचा, दाबायचा नाही. मान तिरकी करून बघा, चारही बाजूंना सारखी फट आहे का, मगच मधून कडेकडे दाबा. तिरका गेलाय हे लगेच कळलं तर ब्लेडच्या टोकाने कोपरा उचलून परत लावता येतो, दाबून झाल्यावर तो ताणला जातो आणि मग कधीच सपाट बसत नाही.

डावी-उजवी जोडी असेल, म्हणजे गाडीची दारं, पंख, हेडलाईट, तर दोन्ही पार्ट शेजारी शेजारी लेगोच्या एका चपट्या प्लेटवर बसवून मगच लावा. एक थोडा वर गेला तर दुसराही तेवढाच वर लावा, कोणाला कळत नाही. डोळा फरक पकडतो, चूक पकडत नाही.

मोठा स्टिकर, म्हणजे पाटी किंवा विंडशील्ड, ओला करून लावणं सोपं जातं. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, पार्टवर हलका थर, स्टिकर तरंगवायचा, सरकवून जागेवर आणायचा आणि जुन्या एटीएम कार्डला कपडा गुंडाळून पाणी बाहेर काढायचं. रात्रभर वाळू द्या. साबण जास्त झाला तर गोंद धरत नाही, आणि जुन्या कागदी स्टिकरवर हे चुकूनही करू नका, लगदा होतो. पारदर्शक पार्टवर मात्र हीच पद्धत, कारण तिथे कोरडा लावला तर आतला प्रत्येक धुळीचा कण जन्मभर दिसतो.

बुडबुडा राहिला तर बारीक सुईने आडवं टोचून हवा काढा. वक्र पार्टवर कड उठत असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून, दोन-चार सेकंद, आणि बोटाने धरून ठेवा.

आणि शीटला हात लावायच्या आधी ती स्कॅन करून ठेवा, ६०० डीपीआयवर, सोबत मोजपट्टी ठेवून. स्टिकर खराब झाला तर कुठल्याही डिजिटल प्रिंटवाल्याकडून व्हिनाईलवर छापून घेता येतो. एकच अडचण, साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, त्यामुळे पारदर्शक स्टिकरवरची पांढरी अक्षरं गायब होतात, त्यासाठी पांढरी शाई असलेलं मशीन शोधावं लागतं.

काढताना पार्टच घालवणं

नेलपॉलिश रिमूव्हर नको म्हणजे नको. त्यातलं अ‍ॅसिटोन एबीएस, म्हणजे विटांचं प्लास्टिक, विरघळवतं, पार्ट चिकट आणि पांढरट होतो आणि ते परत येत नाही. थिनर, पेट्रोल यांचीही तीच तऱ्हा. स्टिकर कोमट करा, नखाने किंवा सेपरेटरने सोला, उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, पुसा, मग साबणाने धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको, लेगोची स्वतःची सूचना तीच आहे. पारदर्शक पार्टवर अल्कोहोल असलेली क्लीनर वापरू नका, बारीक तडे जाऊ शकतात. आणि प्रिंटेड पार्ट घासणीने घासू नका, सोनेरी-चंदेरी प्रिंट तर सगळ्यात आधी जातो.

जुन्या सेटमध्ये एकच स्टिकर दोन-तीन विटांवर पसरलेला असायचा. असा सेट हाती आला तर ओढून विटा वेगळ्या करू नका, फाटून जातो. धारदार नवीन ब्लेडने सांध्यावरून सरळ कापा, जोडल्यावर रेघ जेमतेम दिसते. मोडायची सवय असेल तर नवीन स्टिकर लावतानाच हे करून टाका.

बाहेरून कस्टम प्रिंट करून घेण्याची घाई

यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशाने शाई सुकवून केलेला प्रिंट) आता बरेच जण करून देतात, स्पीड चॅम्पियन्सचे तर अख्खे प्रिंटेड पार्टचे संचही मिळतात. आधी एकच पार्ट मागवा. यूव्हीचा थर किंचित उठावदार असतो, बोटाला लागतो, आणि जिथे पार्ट दुसऱ्या पार्टला घासून बसतो तिथे सोलला जातो किंवा पार्ट नीट बसत नाही. नखाने खरवडून बघा, एकदा काढून-लावून बघा, मगच पूर्ण गाडीची ऑर्डर द्या. आणि बेरीज करा, कारण काही वेळा गाडीच्या निम्म्याहून जास्त पैसे तिच्या लोगोंवर जातात, आणि असा संच घेणाऱ्यांत कपाटात ठेवणारेच जास्त असतात, ज्यांना स्टिकरनेही काही बिघडलं नसतं.

स्टिकर न लावता तसाच सेट बांधणं हाही पर्याय आहे, मोडणाऱ्यांनी तर तोच घ्यावा. फक्त मग शीट इन्स्ट्रक्शनच्या पुस्तकात कोंबू नका, पुठ्ठ्याला लावून झिपच्या पिशवीत, सपाट, उन्हापासून लांब, आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर सोबत सिलिका जेलची पुडी. पुढे सेट विकायचा झालाच तर न वापरलेली शीट बरोबर दिली की गिऱ्हाईक कमी घासाघीस करतं. लावलेले असतील तर जाहिरातीत सरळ लिहा, तिरका गेलेला असेल त्याचा जवळून फोटो टाका.