‘ओपन’ नेमके कोणते? वर्डच्या फाइली पाठवताना या चुका टाळा

‘फाइल ओपन ऑफिसमध्ये (वर्डसारखेच एक मोफत सॉफ्टवेअर) पाठवा’ असा निरोप आला की आपण वर्डच्या ‘सेव्ह अ‍ॅज’ यादीत ‘ओपन’ हा शब्द शोधतो आणि तो पहिल्यांदा जिथे दिसेल ती ओळ निवडून मोकळे होतो. एका स्मरणिकेच्या कामात माझ्याकडूनही हेच झाले. मागणी ओडीटी, म्हणजे ओपन ऑफिसच्या फाइलची होती आणि मी पाठवली ‘स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल डॉक्युमेंट’, म्हणजे डॉकएक्स या वर्डच्या नेहमीच्या फाइलीचाच एक काटेकोर अवतार.

या गोंधळाबद्दल वापरणाऱ्यापेक्षा ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनाच नावे ठेवायला हवीत. ओपनऑफिस डॉट ऑर्गच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतील फॉरमॅटचे नाव ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग एक्सएमएल’ होते आणि त्यातील मजकुराच्या फाइलींचे एक्सटेन्शन, म्हणजे नावातील टिंबानंतरची अक्षरे, एसएक्सडब्ल्यू असे. २००५ मध्ये त्याची जागा ‘ओपनडॉक्युमेंट’ने घेतली, ओडीटी हा त्यातला मजकुराचा प्रकार, आणि २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यताही मिळाली. मायक्रोसॉफ्टने वर्ड २००७ पासून रूढ केलेल्या डॉकएक्समागील मानकाचे अधिकृत नाव मात्र ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’. शब्द तेच, फक्त क्रम फिरवलेला! म्हणून फाइल मागताना सॉफ्टवेअरचे नाव न सांगता ‘ओडीटी’ किंवा ‘डॉकएक्स’ असे एक्सटेन्शनच सांगावे, आणि ओडीटी हवी असल्यास यादीतील ‘ओपनडॉक्युमेंट टेक्स्ट’ हीच ओळ निवडावी.

दुसरी चूक अधिक घातक आहे. वर्डच्या जुन्या प्रकारच्या डॉक फाइलच्या नावापुढे नुसते ‘एक्स’ हे अक्षर जोडल्याने ती डॉकएक्स होत नाही. फक्त पाटी बदलते, आतला माल तोच राहतो. रूपांतर करायचे तर फाइल उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’नेच केले पाहिजे. विंडोज परिचित एक्सटेन्शन लपवत असल्याने ‘अर्ज.डॉक.डॉकएक्स’ अशी दुहेरी नावेही नकळत तयार होतात, त्यामुळे फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून एक्सटेन्शन दिसू देणे बरे.

पाटीवर भरवसा नसेल तर फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडावी. डॉकएक्स आणि ओडीटी या दोन्ही मुळात झिप (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या) फाइली असल्याने त्यांची सुरुवात इंग्रजी ‘पीके’ या अक्षरांनी होते, तर आरटीएफ (मजकुराच्या फाइलचा आणखी एक प्रकार) फाइल महिरपी कंसाने सुरू होऊन लगेच आपले नाव सांगते. पीके दिसल्यास प्रतीचे एक्सटेन्शन झिप करून आत डोकवावे: ‘वर्ड’ नावाचा फोल्डर असेल तर डॉकएक्स, बाहेरच ‘कंटेंट डॉट एक्सएमएल’ असेल तर ओडीटी. नोटपॅडमध्ये काहीही सेव्ह मात्र करू नये.

फाइल व्यवस्थित उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, ही तक्रार वेगळी. तो बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची युनिकोड ही सामायिक पद्धत न वापरणाऱ्या जुन्या फाँटचा दोष असतो. तिथे फॉरमॅट कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.