पार्ट बदलण्याआधी मीटर लावा: गाडी सुरू होत नाही तेव्हा

सकाळच्या घाईत चावी फिरवावी आणि बॉनेटखालून नुसतं ‘कट-कट-कट’ ऐकू यावं, की पहिला विचार येतो तो बॅटरी गेल्याचा. मलाही तेच वाटलं होतं. बॅटरी बदलली. दोन महिन्यांनी अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनित्र, उघडून घेतला. तरी आठवड्यातून एकदा गाडी अडायचीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोष होता बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या काळ्या केबलच्या एका बोल्टाखाली. तेव्हापासून माझा आग्रह आहे: आधी मोजा, मग खर्च करा. व्होल्ट आणि अँपियर मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

हात घालण्यापूर्वी गाडी न्यूट्रल किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, अंगठी-घड्याळ काढून ठेवलेलं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी पेटवू नका, डोळ्यांना चष्मा लावा. केबल सोडवताना काळी आधी, जोडताना काळी शेवटी. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल्सना मात्र घरी हात लावायचाच नाही.

आता कान द्या. भराभर टकटक होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठेतरी सांधा खराब आहे. एकच जोराचा ‘ठक्’ येऊन शांतता झाली, तर सेल्फकडे (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) किंवा त्याच्या जाड केबलकडे बघा. अजिबात आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, तर क्लच किंवा गिअरचा स्विच, इग्निशन स्विच, सेल्फचा रिले (त्याला वीज जोडणारा विद्युत स्विच) यांचा संशय घ्या. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून पाहा. आणि सेल्फ नेहमीसारखा जोमाने फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा पिच्छा सोडा. तो इंधनाचा, स्पार्कचा किंवा चावीच्या इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) प्रश्न आहे.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली जवळपास रिकामी. नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला असतो, तेव्हा दोनेक मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, थोडं थांबून मग मोजा. नंतर कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरीसुद्धा त्या क्षणी 9.6 च्या खाली घसरत असेल तर ती थकली आहे. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, तो तापतो.

माझ्या गाडीत इथेच कोडं होतं. बॅटरी 12.6, सेल्फ मारताना 11 च्या वर, तरी इंजिन जेमतेम कण्हायचं. मुलगी चावी फिरवत होती आणि मी वाकून प्रोब (मीटरच्या तारांची टोकं) धरून होते. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा तिथल्याच क्लॅम्पवर: 0.02. दुसरा प्रोब पुढे, केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवर: 0.06. पुढे, बोल्टाशेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर: 1.4! कडी आणि पत्रा यांच्यात कागदाएवढी फट असेल नसेल, आणि तेवढ्यात 1.3 व्होल्टांहून जास्त गायब. बोल्ट सोडवला तर कडीखाली तपकिरी बुरा आणि रंगाचे पापुद्रे.

दिवे लख्ख असूनही हे कसं होतं ते समजून घ्या. सेल्फ शंभर-दीडशे अँपियर ओढतो. सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असला तरी 150 अँपियरला 1.5 व्होल्ट तिथेच जिरतात. दिव्यांच्या 10 अँपियरला मात्र जेमतेम 0.1 जातो, आणि तो डोळ्यांना कळत नाही. म्हणून सांधा नेहमी भार असतानाच मोजायचा. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत, सेल्फ फिरत असताना 0.2–0.3 पेक्षा जास्त दिसता कामा नये. उपाय सोपा: पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो.

अल्टरनेटरचा संशय मला आला तोही याच बोल्टामुळे. चार्जिंगचा करंट त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे अल्टरनेटर पुरेसं देत असूनही बॅटरीपर्यंत कमी पोहोचत होतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा: 13.8 ते 14.7 ठीक. हेडलाइट आणि पंखा लावल्यावरही 13.5 च्या वर राहायला हवं. 13 च्या खाली असेल तर आधी बेल्ट बघा, मग अल्टरनेटरचा प्लग आणि जाड तार. 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरी फुगेल. नव्या गाड्यांत संगणक व्होल्टेज मुद्दाम खालीवर करतो, तिथे एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका. चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून ‘अल्टरनेटर चेक’ करायची जुनी खोड तर कटाक्षाने टाळा. त्या झटक्याने ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जाऊ शकतो.

सगळं नीट असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर गळती शोधा. मीटरचा लाल प्रोब 10 अँपियरच्या खोबणीत लावा, काळी केबल खांबावरून सोडवा आणि मीटर ती केबल आणि निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये जोडा. दारं बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण गाडीची यंत्रणा झोपायला वेळ घेते. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. 50 मिलिअँपियरच्या आत असेल तर चिंता नाही. 500 दिसले तर 60 एएचची (अँपियर-तासांची) भरलेली बॅटरी पाच दिवसांत रिकामी होईल. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडेल, त्या वाटेवर गळती आहे. डिकीचा दिवा आणि नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम आधी तपासा. काम झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या खोबणीत परत घाला. तो अँपियरमध्येच राहिला आणि तुम्ही बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात, तर थेट शॉर्ट होतो.